पेंढ्याच्या गल्लीतले सात दिवस

गुरुवार, ४ डिसेंबर १२७०

घंटेच्या आवाजानं तुम्हाला जाग येते. खोलीत मिट्ट काळोख आहे. वर्षातले सर्वांत लहान दिवस चालू आहेत, उजाडायला बराच अवकाश आहे. पण पॅरिसमधले वर्ग उजाडण्याची वाट पाहत नाहीत. अंगावरची घोंगडी बाजूला सारली की थंडी थेट हाडांत शिरते. शेजारी दोघं अजून झोपलेत. एक कोलोनचा, एक स्कॉटलंडचा. खोली तिघांत भाड्यानं घेतलेली, मेणबत्ती तिघांत एक, आणि तर्कशास्त्राचं पुस्तकही तिघांत एकच.

तुमचं वय सतरा. डेन्मार्कमधल्या रोस्किल्डेहून तुम्ही इथं शिकायला आलात, त्याला आता दुसरं वर्ष लागलंय. डोक्याच्या मधोमध केस भादरलेले आहेत, कारण इथला विद्यार्थी धर्मसंस्थेचा माणूस समजला जातो. परक्या शहरात ही भादरलेली टाळू तुमची ढाल आहे. राजा फिलिप ऑगस्ट यानं १२०० साली दिलेल्या सनदेप्रमाणे विद्यार्थ्याचा न्याय राजाचे अधिकारी करत नाहीत, धर्मसंस्थेचं न्यायालय करतं.

तुम्ही जिना उतरून चिखलाच्या गल्लीत येता. उजवीकडे सेन नदी, तिच्यावरचा ‘प्ती पाँ’ म्हणजे छोटा पूल, आणि पलीकडे बेटावर नोत्र दामचे दोन मनोरे. ११६३ साली सुरू झालेलं ते बांधकाम शंभर वर्षं उलटली तरी पुरतं संपलेलं नाही. पाववालीशी बोलण्यापुरती मोडकी फ्रेंच तुम्हाला येते. बाकी सगळा व्यवहार लॅटिनमध्ये. कोलोनच्या पोराशी भांडायचं तर लॅटिनमध्ये, स्कॉटलंडच्या पोराला ताप आला तर विचारपूसही लॅटिनमध्ये. पुढं या भागाला ‘लॅटिन क्वार्टर’ म्हणतील, ते याचमुळे.

तुमची शाळा र्‍यू द्यु फ्वार या गल्लीत आहे. फ्वार म्हणजे पेंढा, वैरण. वर्गात बाकं नाहीत. जमिनीवर पेंढा पसरलेला असतो, त्यावर मांडी घालून बसायचं. खुर्ची एकच, ती मास्तरांची. त्यांना ‘मागिस्तेर’ म्हणतात. आपला ‘मास्तर’ याच घराण्यातला शब्द.

कुणी विचारलं की विद्यापीठ कुठं आहे, तर बोट कुठं दाखवायचं हे तुम्हाला कळणार नाही. विद्यापीठाला स्वतःची इमारत नाही. वर्ग भाड्याच्या खोल्यांत भरतात, सभा सँ-जुलियाँच्या छोट्या चर्चमध्ये होतात. ‘युनिव्हर्सितास’ या शब्दाचा अर्थच मुळी संघ, पंचायत. सुतारांचा संघ असतो, विणकरांचा असतो, तसा हा शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांचा. त्या संघाची ताकद गल्लीतल्या जुन्या माणसांनी डोळ्यांनी पाहिलीय. १२२९ साली दारूच्या दुकानातल्या मारामारीनंतर राजमातेच्या शिपायांनी निरपराध विद्यार्थी मारले. तेव्हा मास्तर आणि विद्यार्थी शहर सोडून चालते झाले. कुणी ऑक्सफर्डला गेलं, कुणी आंजेला, कुणी तुलूझला. दोन वर्षं पॅरिस सुनं पडलं. अखेर १२३१ साली पोपनं त्यांचे हक्क लिहून दिले, तेव्हा वर्ग पुन्हा नीट भरू लागले.

मास्तर येतात. आज अ‍ॅरिस्टॉटलचा आत्म्यावरचा ग्रंथ. एक वाक्य वाचायचं, त्याची फोड करायची, मग त्यावर शंका काढायची. याच अ‍ॅरिस्टॉटलचे निसर्गविषयक ग्रंथ शिकवायला १२१० साली इथं बंदी होती. १२५५ साली तेच ग्रंथ सक्तीचे झाले. त्याला नुसतं ‘तत्त्वज्ञ’ म्हणतात. आणि ज्याच्या भाष्याशिवाय तो उलगडत नाही त्याला ‘भाष्यकार’. हा भाष्यकार म्हणजे कोर्दोब्याचा मुसलमान न्यायाधीश इब्न रुश्द. पेंढ्यावर बसून, मेणाच्या पाटीवर टोकदार काडीनं तुम्ही त्याचे विचार उतरवून घेता.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज वादसभा, आणि उभं राहायची पाळी तुमची.

विषय गल्लीत गाजतोय: जगात एकही माणूस नसेल, तर ‘माणूस हा प्राणी आहे’ हे विधान खरं ठरेल का? ऐकायला पोरखेळ वाटतो, पण शब्दाचा आणि वस्तूचा संबंध काय, हा सगळा तर्कशास्त्राचा गाभा त्यात आहे. सिजे द ब्राबाँ या गल्लीतल्या नावाजलेल्या मास्तरांनी याच प्रश्नावर लेखन केलंय.

तुमचं मत ठरलेलं आहे: विधान खरं. पण नियम असा की आपलं मत सांगण्याआधी विरुद्ध बाजू मांडायची. आपल्या शास्त्रार्थात ज्याला पूर्वपक्ष म्हणतात, तोच हा. तुम्ही घाईनं सुरुवात करता. ‘काही जण म्हणतात की माणूसच नसेल तर बोलायचं कुणाबद्दल? पण हे म्हणणं बालिश आहे, कारण...’

मास्तर हात वर करतात. ‘थांब. असं म्हणणारा माणूस इथं बसलाय असं समज. तुझं ऐकून तो म्हणेल का, की होय, हेच माझं म्हणणं?’

तुम्ही गप्प.

‘मग हा त्याचा पक्ष नव्हे. तू बुजगावणं उभं केलंस आणि त्याला काठी मारलीस. पुन्हा मांड.’

पन्नास डोळे तुमच्यावर. कान तापतात. तुम्ही दीर्घ श्वास घेता आणि जे तुम्हाला पटत नाही त्याच्या आत शिरू पाहता. ‘आहे’ हे क्रियापद असण्याबद्दल बोलतं. जे मुळात नाही, त्याबद्दल ‘ते अमुक आहे’ असं कसं म्हणणार? सॉक्रेटिस मेल्यावर त्याच्या देहाला आपण माणूस म्हणत नाही. मग सगळेच मेले, तर माणूसपण कुठं टेकेल? बोलता बोलता तुमच्या लक्षात येतं की हा पक्ष भक्कम आहे. इतका भक्कम की तुमचं आधीचं उत्तर त्याला पुरणार नाही.

मग तुम्हाला नवं उत्तर शोधावं लागतं. त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन होतात, हे सत्य कुणी त्रिकोण आखण्याची वाट पाहतं का? स्कॉटलंडचा दोस्त लगेच उठतो आणि या दाखल्यावर तुटून पडतो. दोन घटका खडाजंगी चालते. निर्णय मास्तर पुढच्या वर्गात देणार. जाताना ते एवढंच म्हणतात, ‘दुसऱ्यांदा बरं मांडलंस.’

रात्री पाव आणि खारवलेला मासा खाताना तुमच्या मनात तुमचा विजय नसतो. पहिल्या वेळी तुम्ही समोरच्यावर किती सहज अन्याय केलात, तेच घोळत राहतं.

शनिवार, ६ डिसेंबर

संत निकोलसचा दिवस. हा विद्यार्थ्यांचा कैवारी. एका दुष्ट खानावळवाल्यानं तीन विद्यार्थ्यांना मारून मिठाच्या पिंपात भरलं आणि निकोलसनं त्यांना जिवंत केलं, अशी कथा सांगतात. घरापासून लांब, अनोळखी छपराखाली झोपणाऱ्या पोरांना ही कथा का जवळची वाटते, ते वेगळं सांगायला नको.

इथले विद्यार्थी मुलुखाप्रमाणे चार गटांत विभागलेले आहेत: फ्रेंच, पिकार्ड, नॉर्मन आणि इंग्रज. डेन्मार्कचे तुम्ही इंग्रज गटात मोडता, कोलोनचा जर्मनही त्यातच. आज प्रार्थना, मग गाणी, मग वाइन. तुमच्याच मुलखातले एक मास्तर, बोएथियस, याच सुमारास पॅरिसमध्ये शिकवतात. गर्दीत कुणीतरी तुमच्या बोलीत तुम्हाला हाक मारतं आणि तुमचे डोळे भरून येतात. किती दिवसांनी मातृभाषा कानावर पडली!

रविवार, ७ डिसेंबर

सकाळी प्रवचन. दुपारी पत्र.

आपल्याकडे जसं ‘तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ असं ठरलेलं वळण असायचं, तसं इथंही आहे. पत्रलेखन ही शिकायची विद्या आहे. पाच भाग: अभिवादन, मन वळवणं, हकीकत, मागणी, समारोप. नमुन्यांच्या वह्या मिळतात, आणि विद्यार्थ्याच्या नमुनापत्रातली मागणी बहुतेक एकच असते: पैसे पाठवा. शहर महाग आहे, भाडं आहे, पुस्तकं आहेत. त्याच वह्यांत वडिलांच्या उत्तराचेही नमुने असतात: तू अभ्यास सोडून वाद्यं वाजवत बसतोस असं कानावर आलंय!

तुम्ही नमुन्याप्रमाणे चार भाग लिहिता. पाचव्याशी हात अडतो. भाड्याचं लिहिलं, थंडीचं लिहिलं. पण शुक्रवारी वर्गात जे घडलं ते बाबांना कसं सांगायचं? चर्मपत्राचा तुकडा छोटा आहे आणि पत्र पोचायला किती आठवडे लागतील कोण जाणे. तुम्ही फक्त लिहिता, ‘मी शिकतो आहे.’

सोमवार, ८ डिसेंबर

आज पुस्तकाची तजवीज. अख्खं पुस्तक विकत घेणं तुमच्या ऐपतीबाहेरचं, कारण ते जनावराच्या कातड्यावर हातानं लिहिलेलं. पण पॅरिसनं यावर तोड काढलीय. पुस्तकविक्याकडे ग्रंथाची तपासलेली मूळ प्रत सुट्या भागांत ठेवलेली असते. एका भागाला ‘पेसिया’ म्हणतात. त्यात बहुधा चार पानं. एक भाग भाड्यानं न्यायचा, उतरवून काढायचा, परत करून पुढचा न्यायचा. तुम्ही पहिला भाग नेता तेव्हा दुसरा कुणी तिसरा भाग उतरवत असतो, तिसरा कुणी सातवा. एकाच मूळ प्रतीवरून एकाच वेळी कितीतरी प्रती तयार होतात. छापखाना यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षं आहेत.

दुकानात भाड्याचा हिशेब करायचाय. बारा दनिए म्हणजे एक सू, वीस सू म्हणजे एक लिव्र. तुमची बोटं अडखळतात. शेजारी उभा असलेला एक मोठा विद्यार्थी हसून तुमच्या मेणाच्या पाटीवर काही खुणा कोरतो. रोमन अक्षरं नाहीत ती. ‘ही नवी रीत,’ तो म्हणतो. ‘अलेक्झांडर द व्हिलदियूचं पद्य पाठ कर, सगळं येईल.’

ते पद्य तुम्ही ऐकलंय. लॅटिनमध्ये आहे, गणित शिकवणारं आहे, आणि त्यात या आकड्यांना स्पष्टपणे भारतीयांचे आकडे म्हटलंय. नऊ खुणा आणि दहावं एक रिकामं वर्तुळ. त्या वर्तुळाला इथं ‘सीफ्रा’ म्हणतात. संस्कृतातल्या ‘शून्या’चं अरबीत ‘सिफ्र’ झालं, त्याचं हे लॅटिन रूप. तो पोरगा एक खूण कोरतो आणि म्हणतो, हा एक. शेजारी वर्तुळ काढतो: हे दहा. आणखी एक वर्तुळ: हे शंभर. स्वतः काहीच नसलेली खूण शेजारणीची किंमत दहापट करते!

सातशे वर्षांनंतर मराठी शाळेत पहिलीतलं मूल जे सहज गिरवेल, ते इथं थंडीत काकडणारा एक डॅनिश मुलगा डोळे विस्फारून पाहतोय. भारतातून बगदादला, तिथून स्पेनला, तिथून या दुकानाच्या फळीवर. बगदादच्या अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून या विद्येला ‘अल्गोरिस्मुस’ म्हणतात. आजच्या ‘अल्गोरिदम’चं मूळ तेच. ज्ञान कुणा एकाच्या गावचं नसतं, हे तुम्हाला कुणी वेगळं शिकवावं लागत नाही. तुमचा तत्त्वज्ञ ग्रीक, तुमचा भाष्यकार अरबी आणि तुमचे आकडे भारतीय.

मंगळवार, ९ डिसेंबर

ख्रिसमसच्या आधीच्या या दिवसांत धर्मशास्त्राचे मास्तर एक खुली सभा घेतात. त्या सभेत कुणीही काहीही विचारावं आणि मास्तरांनी उत्तर द्यावं. टॉमस अक्वायनसच्या अशा सभांच्या नोंदींत ‘सत्य, मद्य, राजा आणि स्त्री यांत बलवान कोण?’ असाही प्रश्न सापडतो. आज तुम्ही मागच्या भिंतीला टेकून अशीच एक सभा ऐकता. पांढरे केस झालेला विद्वान एका विशीतल्या पोराची शंका आधी स्वतःच्या तोंडून पूर्ण म्हणून दाखवतो. मग विचारतो, ‘हेच ना तुझं म्हणणं?’ पोरगा मान हलवतो, तेव्हाच तो उत्तराला लागतो.

परतताना सगळ्या गल्लीत एकच विषय. सिजे म्हणतात, अ‍ॅरिस्टॉटल आणि इब्न रुश्द नीट वाचले तर सगळ्या माणसांची बुद्धी मिळून एकच आहे असं निघतं. धर्ममतवाल्यांच्या अंगावर काटा येतो. बुद्धी एक, तर माझं पाप कुणाचं आणि पुण्य कुणाचं? याच वर्षी सँ-जाकच्या मठात राहणाऱ्या अक्वायनसनं या मताविरुद्ध छोटा ग्रंथ लिहिलाय. कोलोनचा दोस्त कुठूनतरी त्याची प्रत घेऊन आलाय. तिघं एका मेणबत्तीभोवती डोकी जुळवून बसता.

ग्रंथ कडक आहे, शेवटी तर तो आव्हानच देतो: ज्याला विरुद्ध बोलायचंय त्यानं कोपऱ्यात, पोरासोरांपुढं बोलू नये, लिहून उत्तर द्यावं. ती पोरंसोरं म्हणजे तुम्हीच. पण तुमच्या लक्षात राहतं ते दुसरंच. अक्वायनस ज्याला खोडतो, त्याची कारणं तो एकामागून एक मांडतो, अ‍ॅरिस्टॉटलचं वाक्य न् वाक्य पुन्हा तपासतो. राग आहे, तरी युक्तिवादाला युक्तिवादानंच उत्तर आहे.

बुधवार, १० डिसेंबर

दुपारी बातमी गल्लीत शिरते. पॅरिसचे बिशप एतिएन तांपिए यांनी तेरा विधानं दोषी ठरवलीत. ती जाणूनबुजून शिकवणाऱ्याला धर्मबहिष्कार.

संध्याकाळी यादी हाती येते. तुम्ही वाचू लागता. सर्व माणसांची बुद्धी एकच आहे. माणसाची इच्छा अपरिहार्यतेनं चालते. जग अनादि आहे. पहिला माणूस असा कधी नव्हताच. आत्मा देहाबरोबर नष्ट होतो. ईश्वराला एकेक वस्तू वेगळी कळत नाही. अशी तेरा वाक्यं.

वाचून झाल्यावर सवयीनं तुम्ही चर्मपत्र उलटता. कारणं कुठं आहेत? कुणी म्हटलं, कशावरून म्हटलं, त्यावर आक्षेप कोणता, आक्षेपाला उत्तर काय? मागची बाजू कोरी आहे. उपटलेल्या रोपांसारखी तेरा वाक्यं, मुळाला माती नाही.

बिशपांची काळजी खोटी नव्हती. माणसाला इच्छास्वातंत्र्य नसेल तर न्याय कशाचा करणार, हा प्रश्न खराच आहे. पण ती काळजीही यादीत लिहिलेली नाही. दोन्ही बाजू मुक्या झाल्यात.

दोस्त झोपतात. मेणबत्तीचं बोटभर पेर उरलंय. तुम्ही मेणाची पाटी घेता आणि यादीतलं पाचवं वाक्य निवडता: जग अनादि आहे. तुम्हाला ते पटत नाही. तरी डाव्या बाजूला त्याची कारणं लिहिता, म्हणणाऱ्यानं मान हलवावी अशी. प्रत्येक गतीच्या आधी दुसरी गती लागते, मग पहिली गती कुठून आणायची? उजव्या बाजूला आक्षेप लिहिता. मग उत्तर शोधू लागता. मध्यरात्रीची घंटा होते. उत्तर अर्धवटच राहतं. काडीच्या चपट्या टोकानं तुम्ही मेण सपाट करता, कारण उद्या सकाळच्या वर्गाला पाटी कोरी हवी.

डोळे मिटता. उघडता, तेव्हा तुम्ही आपल्या घरी असता.

पुढचं इतिहासाला ठाऊक आहे. ७ मार्च १२७७ रोजी त्याच बिशपांनी तेराऐवजी २१९ विधानांवर बंदी घातली; त्यांतली काही अक्वायनसच्याही मतांना भिडत होती. सिजे फ्रान्स सोडून इटलीत गेले आणि ओर्व्हिएतो इथं त्यांच्याच चिटणिसाच्या हातून मारले गेले. अक्वायनसला १३२३ साली संतपद मिळालं, आणि १३२५ साली पॅरिसच्या बिशपांनी त्याच्या मतांपुरती ती बंदी मागं घेतली. इटालियन कवी दान्तेनं आपल्या महाकाव्यातल्या स्वर्गात बारा ज्ञानी आत्म्यांचं वर्तुळ रचलं. त्यात अक्वायनसच्या शेजारी त्यानं सिजेला बसवलं, आणि त्याची ओळख करून द्यायचं काम अक्वायनसकडेच दिलं. तिथं पेंढ्याच्या गल्लीचं नावही येतं. आज पॅरिसमध्ये ती गल्ली चार पावलांची उरलीय, आणि तिला लागूनच दान्तेच्या नावाचा रस्ता आहे.

परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना आपण विचारतो, कॉलेज कोणतं, फी किती, नोकरी लागेल का. विचारायलाच हवं. पण तुमच्या घरातलं मूल शिकून परत येईल तेव्हा आणखी एक विचारा: ज्याच्याशी तुझं पटत नाही, त्याचं म्हणणं त्यानं मान हलवावी असं मांडता येतं का तुला? आणि मुलाला विचारण्याआधी आज रात्री एकदा स्वतः करून पाहा. पाटीची डावी बाजू आधी भरा.